साठ संध्याकाळींचे मोल

विकत घ्यावयाची वस्तू क्षुल्लक असली म्हणजे ती घेण्या-न घेण्याचा विचारही क्षुल्लकच असावयाचा, अशी आपली एक रूढ समजूत आहे. लग्नातला शालू, माडीचे नवे छप्पर, देवाच्या पालखीला चढवावयाची चांदी यांविषयी घरात चार-चार दिवस खल चालतो. परंतु मुलाने अथवा पुतण्याने येऊन ‘एक नवा जपानी व्हिडिओ गेम आला आहे, घेऊ का?’ असे विचारले की वडीलधारी मंडळी एका शब्दात निकाल देऊन मोकळी होतात. तो शब्द बहुधा ‘नको’ असतो; क्वचित कंटाळ्याने उच्चारलेला ‘घे बाबा’ असतो. दोन्ही निकालांत एक साम्य आहे. प्रश्नाचा विचार मात्र कोणीच केलेला नसतो.

वस्तुतः हा प्रश्न चांगला कस पाहणारा आहे. पैसा, वेळ, आसक्ती आणि श्रद्धा या चारही गोष्टी त्यात एका ठिकाणी येऊन भिडतात. आणि तो विचारणारे मूल बहुधा प्रामाणिकपणे विचारीत असते. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण हाती घेऊन पाहावे असे वाटते. ‘व्हिडिओ गेम’ या एका नावाखाली इतक्या भिन्न वस्तू विकल्या जातात की सर्वांना मिळून एकच न्याय लावणे म्हणजे कीर्तन, तमाशा आणि सर्कस यांना एका तिकिटात बसविण्यासारखे होईल.

उदाहरण घेऊ ते ‘मेटाफर : रीफँटाझिओ’ या खेळाचे. जपानातील अ‍ॅटलस कंपनीने तो ११ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजारात आणला. त्याचे दिग्दर्शक कात्सुरा हाशिनो. हा भूमिकाप्रधान जातीचा खेळ आहे. या जातीत बोटांच्या चपळाईपेक्षा कथेला महत्त्व असते. खेळणारा एका पात्राची भूमिका पत्करतो, सोबती जोडतो, लढाया लढतो आणि एखाद्या बखरीएवढी लांब गोष्ट शेवटास नेतो. जपानात या जातीला घरोघर नेले ते २७ मे १९८६ रोजी निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. त्याचा तिसरा भाग फेब्रुवारी १९८८ मध्ये विक्रीस आला तेव्हा शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या मुलांना पोलिसांनी हटकले होते. तेव्हा आपल्या घरातला हा प्रश्न जपानी आईबापांच्या घरी फार पूर्वीच येऊन गेला आहे.

‘मेटाफर’ची कथा थोडक्यात अशी. युक्रोनिया नावाच्या राज्याच्या राजाची हत्या होते. मेलेल्या राजाच्या मंत्रसामर्थ्याने असे ठरते की प्रजेचा विश्वास जो सर्वांत अधिक मिळवील त्यानेच गादीवर बसावे. राज्यात अनेक जमाती, त्यांच्यांत उच्चनीच भेद, धर्मपीठाचा मोठा दरारा; आणि आपला नायक सर्वांनी हीन लेखलेल्या एल्डा जमातीचा. त्याच्याजवळ एक पुस्तक असते. काचेच्या उंच इमारती, सर्वांना एकच कायदा, जन्मावरून कोणी मोठा नाही की लहान नाही, अशा एका देशाचे त्यात वर्णन आहे. आणि तेथील लोकांना ती निव्वळ कल्पित कथा वाटते. ते वर्णन आपल्याच युगाचे आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानी येते तेव्हा त्याला हसावे की खजील व्हावे हे कळत नाही. देवस्थानाच्या महाजनांच्या यादीत कोणाचे नाव असावे, पालखीला खांदा कोणी द्यावा, यांवरून आपल्याकडे किती कज्जे झाले हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कथा परदेशी वाटणार नाही. लढाईच्या संगीतात एक बौद्ध भिक्षू, केइसुके होन्र्यो, एस्पेरांतो भाषेतील पदे सूत्रपठणाच्या चालीवर म्हणतो. संगीतकार शोजी मेगुरो यांची ही कल्पना ऐकताना अंगावर काटा येतो, एवढे मी म्हणेन. २०२४ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये कथा, कलादिग्दर्शन आणि भूमिकाप्रधान खेळ या तिन्ही विभागांतील पारितोषिके या खेळास मिळाली. वस्तू निकृष्ट असल्याचा आक्षेप येथे टिकत नाही. परंतु चांगली वस्तू म्हणजे आपण घ्यावयाची वस्तू असे थोडेच आहे?

प्रथम पैशाचा हिशेब पाहू, कारण तो सोपा आहे. अमेरिकेत या खेळाची मूळ किंमत ६९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५,९०० रुपये. ही रक्कम लहान नाही; पण घरोघर याहून मोठ्या रकमा याहून व्यर्थ कारणांसाठी खर्च होतात, हेही तितकेच खरे. कथा पुरी करावयास साधारण सत्तर-ऐंशी तास लागतात. यावर तरुण मंडळी एक हिशेब मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. पंचाहत्तर तासांना ५,९०० रुपये, म्हणजे तासाला ऐंशी रुपयेसुद्धा नाहीत. सिनेमाचे तिकीट याहून महाग पडते. सबब खेळ स्वस्त आहे.

हा हिशेब ऐकण्यास निर्दोष आहे, आणि मुळातच उलटा आहे. त्यात तास जमेच्या बाजूला धरले आहेत. तास ही तर आपण दिलेली किंमत. मिठाईवाल्याने एका रुपयात अधिक पेढे दिले तर सौदा स्वस्त झाला. पण एखाद्या कामाला दहा दिवसांऐवजी साठ दिवस लागले तर ते काम सहापट स्वस्त झाले असे कोणी म्हणत नाही. खेळाचे तास पेढ्यांसारखे आहेत की कामाच्या दिवसांसारखे, हाच वादाचा मुद्दा आहे. आणि वरील हिशेबात तो आधीच एका बाजूने सोडवून टाकलेला असतो. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रोज सव्वा तास खेळणारा माणूस पंचाहत्तर तास पुरे करण्यासाठी साठ संध्याकाळी देतो. ५,९०० रुपये पुढच्या पगारात भरून निघतील. साठ संध्याकाळी कोणत्या पगारात भरून निघावयाच्या?

यात चमत्कारिक गोष्ट अशी की हे सत्य आपल्या उपदेशाआधी तो खेळच शिकवितो. ‘मेटाफर’मध्ये एक दिनदर्शिका आहे. अमुक दिवसाच्या आत अमुक कार्य झाले नाही तर सर्व संपले. दिवस आणि रात्र यांत मोजकीच कामे होऊ शकतात. मित्राला भेटावयास गेलात तर वाचन राहिले. वाचीत बसलात तर दुसऱ्या गावचे संकट तसेच राहिले. शौर्य, प्रज्ञा, सहिष्णुता, वक्तृत्व आणि कल्पकता असे पाच राजगुण नायकाने संपादन करावयाचे असतात, आणि प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो. याच दिग्दर्शकाच्या ‘पर्सोना ५’ या २०१६ सालच्या खेळातही हीच रचना होती. खेळणारी मुले वहीत आखून ठेवतात की कोणती संध्याकाळ कोणत्या कारणी लावावयाची. नायकाची एक रात्र फुकट गेली तर ती हळहळतात. आणि ही हळहळ व्यक्त करीत असता त्यांची स्वतःची रात्र अडीच वाजेपर्यंत उलटून गेलेली असते!

यात मुलांना हसण्यासारखे काही नाही. दुसऱ्याच्या दिवसांचा हिशेब स्पष्ट दिसतो आणि आपल्या दिवसांचा दिसत नाही, हा काही त्यांच्याच वयाचा रोग नव्हे. गुण अंकांनी वाढतात या कल्पनेलाही एकदम नाक मुरडू नये. चार वेळा लोकांचे गाऱ्हाणे ऐकले की सहिष्णुता एका पायरीने वर चढते, हे पाहून सुशिक्षित माणूस हसेल. परंतु लक्ष प्रदक्षिणांचे व्रत, नामजपाच्या भरलेल्या वह्या, सोळा सोमवार ही सर्व मोजदाद आपलीच आहे. मोजल्याने मनाला वळण लागते हा अनुभव जुना आहे. फरक असा की व्रत पुरे झाल्यावर जे काही उरावयाचे ते करणाऱ्याच्या ठायी उरते, आणि खेळातली सहिष्णुता त्या नायकाच्या ठायी उरते. तिचा एखादा कण इकडे सांडतो की नाही हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावयाचे. मला वाटते काही कण सांडत असावेत. चांगल्या कादंबरीतूनही तेवढेच सांडतात.

येथे एक भेद केलाच पाहिजे, नाहीतर हा विचार अपुरा राहील. खेळ म्हणताच आपल्या वडिलांना द्यूत आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. धर्मराजाने फाशांवर काय काय लावले हे ज्या समाजाला पाठ आहे त्याने सावध असावे. ‘मेटाफर’मध्ये एकदा किंमत दिली की कथा शेवटपर्यंत आपली होते. परंतु जपानी भूमिकाप्रधान खेळांची दुसरीही एक जात आहे. ती मोबाईलवर फुकट मिळते आणि पात्रे मात्र सोडतीने मिळतात. पैसे भरावे, सोडत काढावी, हवे ते पात्र न निघाल्यास पुन्हा पैसे भरावे. तिला तेथे ‘गाचा’ म्हणतात. २०१५ साली जपानात सुरू झालेल्या ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मध्ये अर्जुन आणि कर्ण आहेत, आणि झाशीची राणी लक्ष्मीबाईही आहे. ग्वाल्हेरीस १८५८ साली जी देह ठेवून गेली तिला सोडतीच्या चिठ्ठीतून बाहेर काढण्यासाठी कोणी पुन:पुन्हा पैसे लावतो, हे चित्र मला तरी सहन होत नाही. गाचाचा एक विशेष घातक प्रकार २०१२ साली जपानच्या ग्राहक-व्यवहार खात्याने बेकायदा ठरविला. बाकीचे प्रकार चालूच आहेत. वडीलधाऱ्यांनी खरा ‘नको’ येथे वापरावा. प्रत्यक्षात घडते उलटे. पाच हजारांचा खेळ महाग म्हणून नाकारला जातो, आणि फुकट म्हणून दुसऱ्याकडे कोणी पाहतही नाही.

आता देवालयाच्या अंगणात वाढलेल्या वाचकाच्या मनातील खऱ्या आक्षेपाकडे वळू. ‘मेटाफर’मध्ये आपले देव नाहीत. परंतु ज्याला तो आवडेल तो उद्या अ‍ॅटलसच्याच दुसऱ्या मालिकेकडे जाणार हे उघड आहे. १९८७ साली ‘मेगामी तेन्सेई’ हा खेळ निघाला. नावाचा अर्थ देवीचा पुनर्जन्म. त्या परंपरेतील ‘शिन मेगामी तेन्सेई ५’ २०२१ मध्ये आणि त्याची वाढविलेली आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. जगातील सर्व पुराणांतले देव, दैत्य, देवदूत यांना गोडीगुलाबीने अथवा लाच देऊन आपल्या बाजूस वळवावयाचे आणि दोघांना एकत्र करून तिसरा अधिक समर्थ निर्माण करावयाचा, अशी तिथली रीत. त्यांत शिव आहे, विष्णू आहे, लक्ष्मी, पार्वती, काली आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे सामर्थ्याचा अंक आहे. आणि या सर्वांना मिळून शब्द वापरला आहे तो ‘आकुमा’, ज्याचे भाषांतर राक्षस असे होते. २००४ च्या ‘डिजिटल डेव्हिल सागा’मध्ये अग्नी, वायू, पृथिवी, द्यौस् ही वैदिक नावे धारण करणारी रूपे एकमेकांना खातात. स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’ मालिकेत तर १९९० पासून शिवा नावाची एक हिमकन्या आहे. कैलासाचे बर्फ तेवढे पोचले, कैलासपती वाटेत राहिला.

हे वाचून ज्याचे मन दुखावेल त्याला मी भाबडा म्हणणार नाही. तथापि दुखावण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘आकुमा’मधील ‘मा’ हे अक्षर संस्कृत ‘मार’ या शब्दासाठी चिनी पंडितांनी योजिलेले. बुद्धाला मोहात पाडावयास आलेला तो मार. शब्द आपल्याच घरून गेला आहे, आणि खेळात तो बायबलमधील देवदूतांनाही लावलेला आहे. द्वेषाने आपल्यालाच वेगळे काढलेले नाही. दुसरी गोष्ट, जपानने आपल्या देवतांना खेळापूर्वी बाराशे वर्षे आपल्या सोयीने पालटले आहे. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली आणि वीणेच्या जागी बिवा आली. महाकालाचा झाला दाइकोकुतेन. स्मशानातला तो उग्र देव आज तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हातातील हातोडा परजीत हसतो आहे. हा बदल कोणा खेळवाल्याने केलेला नाही. भक्तांनी केला, आणि ते त्याला हात जोडतात.

हात जोडण्यापाशीच फरक पडतो असे मला वाटते. देवाचे सोंग घेणे आपल्याला वर्ज्य नाही. गोव्यात आणि कोकणात देवळापुढे दशावतारी कालो होतो. रंग फासलेला माणूस विष्णू होतो, काळ्या वेषातला संकासुर वेद चोरतो, प्रेक्षकांना हसवितो आणि शेवटी मरतो. त्या विष्णूचा मुकुट कागदाचा असतो हे लहान मुलालाही दिसते. तरी तेथे कोणाला अपमान वाटत नाही, कारण सोंगाच्या पेटाऱ्याची आधी पूजा झालेली असते आणि सर्वजण देवाच्या दारात बसलेले असतात. खेळातल्या लक्ष्मीपुढे कोणी वाकत नाही. तिचा अंक पाहिला जातो, आणि अधिक अंकाचे कोणी मिळाले की तिला त्यात मिसळून टाकले जाते. देवता साधन झाली, हे तेथले खरे वैगुण्य आहे. त्यापुढे बर्फाची स्त्री किंवा निळा रंग या गोष्टी किरकोळ आहेत.

मात्र हे वैगुण्य केवळ जपानी नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणता देव नवसाला लवकर पावतो, कोणत्या क्षेत्री गेल्याने बढती मिळते, याची जी चौकशी आपल्या ओसऱ्यांवर चालते तिच्यात आणि नावापुढील त्या अंकांत मला फारसे अंतर दिसत नाही. म्हणून या आक्षेपाचे शस्त्र दुसऱ्यावर उगारण्यापेक्षा आपल्या खरेदीपुरते वापरणे बरे. ज्याच्या घरी देवीचा नंदादीप आहे आणि जिला पडद्यावर अंकासहित पाहताना ज्याच्या हाताला संकोच होतो, त्याने तो विशिष्ट खेळ घेऊ नये. संकोच हे पुरेसे कारण आहे, त्याला सिद्धान्ताची जोड लागत नाही. ज्याला संकोच होत नाही त्याची श्रद्धा कमी आहे असे मात्र आपण ठरवू नये. आणि ‘मेटाफर’पुरता हा आक्षेप लागूच होत नाही, एवढे न्यायाने म्हटले पाहिजे.

उरतात त्या साठ संध्याकाळी. त्या कथेला द्याव्यात की नाही? लांबीचे भय आपण बाळगू नये. रात्र रात्र चाललेली कीर्तने, वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह, पर्वामागून पर्व चाललेले महाभारताचे निरूपण यांत वेळ फुकट गेला असे आपण म्हणत नाही. गीतेनेही विहाराला निषिद्ध ठरविले नाही. तो प्रमाणात असावा इतकेच मागितले. पण सप्ताहात शेजारी कोणीतरी बसलेले असते, टाळ चुकला तर हसणारे कोणीतरी असते. हा खेळ एकट्याने खेळावयाचा आहे. घरातील दोन भावंडांनी एका कोचावर बसून आळीपाळीने तो पुढे नेला, नायकाने कोणावर विश्वास ठेवावा यावरून भांडण केले, तर त्या संध्याकाळी माझ्या मते पुष्कळ कारणी लागल्या. खोलीचे दार लावून घेतलेल्या संध्याकाळी मी अधिक कठोरपणे मोजीन.

घेणे आणि खेळणे यांतही गल्लत होते. न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला जपानी भाषेत एक जुना शब्द आहे, ‘त्सुंदोकु’. त्याच धर्तीवर घेऊन न खेळलेल्या खेळांच्या ढिगाला तेथील तरुणांनी ‘त्सुमिगे’ असे नाव दिले. सवलतीचा दर लागला म्हणून घेतले, नावाजलेले म्हणून घेतले, सर्वांजवळ आहे म्हणून घेतले. अपरिग्रहाचा विचार आपण सोन्यानाण्यापुरता करतो. ज्या वस्तूला कपाटही लागत नाही तिचा संग्रह तर दिसतही नाही. नवा खेळ घेऊ का असे विचारणाऱ्याला म्हणूनच मी किमतीआधी विचारीन की मागचा कुठे सोडलास.

‘मेटाफर’च्या बाबतीत एक सोय आहे. विक्रीपूर्वीच, २५ सप्टेंबर २०२४ रोजी, कंपनीने आरंभीच्या काही तासांचा भाग मोफत खुला केला, आणि त्यात जेवढे खेळले तेवढे पुढे खेळ विकत घेतल्यास तसेच चालू ठेवता येते. तेवढा भाग खेळावा आणि मग पंधरा दिवस यंत्र बंद ठेवावे. पंधरा दिवसांनी त्या हीन लेखलेल्या मुलाचे पुढे काय झाले असेल हे मनात घोळत असेल तर ती कथेची ओढ आहे. केवळ हाताला चाळा हवा असेल, किंवा मित्र पुढे गेला याची चुटपुट असेल, तर तीही ओळखू येते. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

ज्याची परीक्षा मार्चमध्ये आहे त्याने हा खेळ जानेवारीत घेऊ नये, एप्रिलात घ्यावा. ज्याच्या घरी आजारी माणसाची शुश्रूषा चालू आहे आणि रात्री पाऊण तासच मोकळा मिळतो, त्याला शंभर संध्याकाळी लागतील. त्याने घेण्यास माझी हरकत नाही, किंबहुना त्याला त्या पाऊण तासाची गरज इतरांहून अधिक आहे. आणि ज्या पुतण्याने हे विचारले त्याला काकांनी ‘नको’ म्हणण्याआधी त्या मोफत भागातला पहिला तास त्याच्या शेजारी बसून पाहावा. भिक्षूचे ते पठण त्या भागातही ऐकू येते.